नळाची बीअर आणि दिपाचा शब्द

आखाडा बाळापूरच्या फाट्यावर जीप थांबली, मिराबाई खाली उतरली आणि भर रस्त्यात उभी राहिली. मागनं रामसिंग उतरला. बायको अशी खांबासारखी का उभी आहे, ते त्याला कळेना.

"काहून थांबली?"

मिराबाईनं नुसतं बोट दाखवलं. समोर संतरामचं दारूचं दुकान नव्हतं.

म्हणजे जागा तीच होती. डावीकडं खताचं दुकान, उजवीकडं पंक्चरवाला, मधी संतराम. पण तो एका बाजूला कललेला पत्रा नाही, बाहेरची बाकडी नाहीत, आणि कडुलिंब? एवढा मोठा कडुलिंब, ज्याच्या सावलीत बाजाराच्या दिवशी पन्नास माणूस बसून प्यायचं, तो गेला कुठं? तिथं सिमेंटचं गुळगुळीत अंगण झालं होतं, त्यावर दोन मोटारसायकली उभ्या होत्या, आणि वर भर दुपारी लाल-निळ्या दिव्यांचा बोर्ड डोळे मिचकावत होता.

रामसिंगला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. त्यानं मान वर करून एकेक अक्षर लावलं. "हॉटेल... प्रिय... प्रियदर्शनी. बीअर बार. फॅमिली... रेस्टॉरंट. वाता... वाता..."

"वात आला व्हय?"

"गार हवा हाय म्हणून लिवलंय."

"अवो पण आपण ऊसतोडीला गेलो तवा तर दुकान होतं की!"

"त्याला वर्ष झालं. नंतर आपण हिकडं आलोच कुठं?"

"वर्षात एवढं झाड जातं?" मिराबाईनं कपाळावर हात मारला. आजच्याच दिवशी हे बघायचं होतं का? आजच्याच!

कारण आज लेकीच्या, दिपाच्या सोयरिकीचा शब्द घ्यायचा होता, आणि तो घ्यायचा तर संतरामच्याच दुकानात, ही दोन्ही तांड्यांची रीत होती. रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नाही. शब्द मुलीच्या तांड्यात द्यायचा नाही आणि मुलाच्याही तांड्यात द्यायचा नाही. आपल्या मातीवर माणूस उगा फुगतो, दुसऱ्याच्या मातीवर उगा दबतो. म्हणून मधली जागा. म्हातारे सांगायचे, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून आपले लोक फिरायचे तेव्हापासून त्या कडुलिंबाखाली थांबायचे. दुकान मागून आलं. त्या जागेत बसायचं, दारू मागवायची, पण पहिला घोट माणसाचा नाही, मातीचा. मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं ग्लास कलंडवायचा. माती प्याली की शब्द पक्का. मग ती ओली माती चिमटीत धरून पोरीच्या कपाळाला लावायची, गूळ वाटायचा, आणि मगच बाकीच्यांनी प्यायचं. पुढं मग आभाळ फाटलं तरी शब्द फिरत नव्हता.

मिराबाईचा स्वतःचा शब्द इथंच दिला गेला होता. पुढं कडुलिंबाखाली बाप्ये बसले होते, आणि ती दुकानामागं संतरामच्या बायकोच्या, सुमनबाईच्या चुलीपाशी. सुमनबाई मिरचीची भजी तळायची. मिराबाई भीतीनं रडायची आणि रडता रडता भजी खायची. शेवटी सुमनबाईच पुढं जाऊन ओली माती घेऊन आली आणि पिठानं भरलेल्या बोटानं तिच्या कपाळाला लावली. दिवसभर मिराबाईच्या कपाळाला बेसनाचा वास येत होता. बिचारी सुमनबाई आता राहिली नाही.

"आता काय?" रामसिंगनं विचारलं. दिवसभरात तो हा प्रश्न पुन्हा एकदा विचारणार होता.

"आता आत जायचं. नाईक आले असतील."

नाईक म्हणजे भावसिंग, शिरड शहापूरकडच्या तांड्याचा नाईक आणि मुलाचा, म्हणजे कुलदीपचा चुलता. कुलदीपचा बाप त्याच्या लहानपणीच गेला, म्हणून शब्द चुलत्याचा. कुलदीप पोरगा सोन्यासारखा. गेल्या हंगामात उसाच्या फडात दिपाच्या डोक्यावर मोळी तोच चढवून द्यायचा. मोळी चढवायला दुसरं माणूस लागतं हे खरं, पण दर वेळेला ते माणूस कुलदीपच काहून असतं, हे मिराबाईच्या लवकरच ध्यानात आलं. त्यानंतर दिपा भाकरी थापताना एकटीच हसायला लागली. तवा रिकामा तापून राहिला तरी पोरगी हसूनच राहिली! मिराबाईनं एकदाच विचारलं, "कुलदीप?" दिपानं पिठाच्या हातानं तोंड झाकलं. झालं, आईला सगळं कळलं.

घोडं अडलं होतं ते पुढं. यंदा दोन्ही तांड्यांच्या टोळ्या वेगवेगळ्या कारखान्यांना निघाल्या होत्या. भावसिंगचा ट्रक उद्या पहाटेच सुटणार होता, आणि त्याच टोळीत त्याच्या बायकोची भाची होती. नाईकीणबाईंच्या मनात ती भाची कुलदीपला द्यायची होती हे अख्ख्या मुलखाला माहीत. आज शब्द झाला तर बरं, नाहीतर सहा महिने तो तिकडं आणि दिपा इकडं. म्हणून मिराबाई दिपाला सांगून बसली होती, "आज शब्द घेऊनच येते, तू बघच."

दिपाही जीपमधून आली होती. फाट्यावर उतरल्या उतरल्या ती बाजारात कासारणीच्या पालापाशी जाऊन बसली. येताना मिराबाईनं तिला टोकलं होतं, "आजच्या दिवशी कपाळ मोकळं काहून? टिकली लाव की."

"जागा ठेवली, याडी," दिपा आईला म्हणाली होती आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली होती.

तर ती जागा भरायची होती. मिराबाईनं ओढणी सारखी केली, ओच्यातली गुळाची पुडी चाचपली आणि काचेच्या दाराला धक्का दिला. दार ढिम्म हललं नाही. ती ढकलत होती आणि आतून कोणीतरी ओढा ओढा म्हणून खुणा करत होतं. शेवटी आतल्या माणसानंच दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाला, "वेलकम मॅडम."

काळी पँट, पांढरा सदरा, गळ्यात काळा पट्टा. मिराबाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"थावरा भावजी! तुमी?"

तो तिच्याच तांड्यातला, रामसिंगचा चुलत भाऊ. दोन पोरांचा बाप, कालपरवापर्यंत म्हशी राखायचा. "हळू बोला वैनी," तो कुजबुजला. "मालक बघून राहिला."

"अन् गळ्याला दावं कोणी बांधलं?"

"टाय हाय ती. चला, तुमच्यासाठी फॅमिली सेक्शन."

आत दिवसाढवळ्या अंधार. "लाइटीचं बिल भरलं न्हाई काय?" मिराबाईनं मोठ्यानं विचारलं. लाइट होती, पण छताला टांगलेल्या एका गोल भोपळ्यात, आणि तो भोपळा लाल-हिरवे कवडसे सोडत गरगर फिरत होता. गार हवेचा झोत असा आला की रामसिंगनं धोतराचा सोगा छातीशी धरला. मिराबाई चार पावलं पुढं गेली आणि एकदम गंमतच झाली. तिच्या फेटियाच्या घेराला, कांचळीच्या बाह्यांना, ओढणीला सगळीकडं आरसे. त्या भोपळ्याचा उजेड आरशांवर पडला आणि भिंतीवर, छतावर, गिऱ्हाइकांच्या तोंडावर शेकडो ठिपके नाचायला लागले. ती थांबली की ठिपके थांबायचे, ती वळली की वळायचे. कोपऱ्यातल्या एका माणसानं ग्लास खाली ठेवला आणि डोळे चोळले. "आयला, एवढ्यातच चढली?"

मिराबाईनं मुद्दाम एक गिरकी घेऊन बघितली. अख्खा बार तिच्याबरोबर फिरला. लग्नातसुद्धा एवढी मजा आली नव्हती.

"अवं, नाईक बघून राहिलेत," रामसिंग म्हणाला.

भावसिंग नाईक सोफ्यात इतका खोल रुतला होता की वरून फक्त पगडी आणि गुडघे दिसत होते. राम राम झाला. नाईकाला उठायचं होतं, पण सोफा सोडेना. थावरानं हात देऊन त्याला वर काढला. "ही काय बसायची जागा हाय?" नाईक पुटपुटला. "माणसाला गिळून राहिली."

गल्ल्याच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर संतराम बसला होता. पायाखाली गोणपाट. मिराबाईला त्याला बघून भरून आलं. "राम राम, संतराम भाऊ!" ती म्हणाली. पूर्वीचा संतराम असता तर गल्ल्यावरून उडी मारून आला असता आणि खांद्यावरच्या टॉवेलनं बाकडं झटकून दिलं असतं. या संतरामनं फक्त मान हलवली. उठला नाही. पायसुद्धा हलवला नाही.

मिराबाईला ते लागलं. लागायचंच की! गुळगुळीत फरशी आली म्हणून माणसानं ओळख विसरावी?

"त्यांचं मनावर घेऊ नका मावशी," संतरामचा मुलगा मुन्ना गल्ल्यावरून म्हणाला. नवा बार त्याचाच, नाव त्याच्या लेकीचं. "बाबा रुसलेत माझ्यावर. सकाळी येतात, तिथंच बसतात, दुकान बंद होईस्तोवर. बांधकाम चालू होतं तवाबी तिथंच. बरं, तुमी ही बघा!"

त्याच्यापुढं एक पितळी नळ उभा होता. घासून घासून चकचकीत केलेला.

"ही नळाची बीअर. बाटलीतली नव्हं. पुण्याला हॉटेलात होतो तवाच डोक्यात घेतलं होतं, गावाकडं असंच काढायचं. औरंगाबादहून पिंप येतं, बर्फात घालून. दाबलं की ताजी."

त्यानं दाबलं आणि खरंच पिवळी धार आली.

"धन्य रे बाबा!" मिराबाई म्हणाली. "आमच्या तांड्याच्या नळाला पाणी येत न्हाई, अन् तुझ्या नळाला दारू येते!"

आख्खा बार हसला. रामसिंगही हसला. भावसिंग नाईकाच्या मिशीचं एक टोक हललं, पण तो लगेच गंभीर झाला. सगळे बोलणीला बसले. नाईकानं विचारायचं, मुलीच्या बापानं सांगायचं, अशी पद्धत. पण रामसिंगच्या तोंडातून चारचौघांत शब्द निघायचा म्हणजे विहिरीतून गाळ काढण्यासारखं, म्हणून उत्तरं मिराबाईनंच दिली. पोरगी कामाला कशी? फडात विचारा. स्वभावानं कशी? माझ्यावर गेली न्हाई, बापावर गेली. आमच्या माणसांत राहील का? "नाईक, तुमच्या माणसांत राहायचं म्हणूनच हसून राहिली की!"

नाईकानं घसा खाकरला. त्यानं मनाशी काहीतरी तोललं, बायकोची भाची एका बाजूला ठेवली, आणि म्हणाला, "ठीक हाय. पोरगी चांगली हाय, मीबी फडात बघितली. आना."

थावरानं मोठा काचेचा मग आणून ठेवला. त्याला कान होता. अर्धा मग पिवळा, अर्धा पांढरा फेस.

"ह्ये काय? ताक घुसळलं का?" नाईकानं मग हातात घेतला, डोळे मिटले, दोन्ही तांड्यांच्या पूर्वजांची नावं घेतली आणि हातातला मग कलंडवला.

बद्दकन फेसाचा गोळा फरशीवर पडला. पडला आणि तसाच बसला. चकचकीत पांढऱ्या फरशीवर पांढरा फेस. सगळे वाकून बघायला लागले. हळूहळू फेस बसला, त्याखालून पिवळा ओघळ निघाला आणि फरशीवरून सरसर दाराकडं चालायला लागला. एक थेंब मुरेना.

"थांबा जरा," मिराबाई म्हणाली. "नवीन हाय ती. लाजून राहिली."

तेवढ्यात थावरा कुठूनसा लांब दांड्याचं फडकं घेऊन धावत आला आणि एका फटक्यात सगळं साफ! फरशी आरशासारखी लख्ख झाली.

मग भावसिंग नाईक सावकाश म्हणाला, "शब्द पुसला."

"भावजी!" मिराबाई किंचाळली.

थावराचा चेहरा पडला. "वैनी, सांडलं की पुसायचं, असं शिकवलंय हितं. हात आपसूक गेला हो."

"पुसलं तर पुसलं," मिराबाई नाईकाकडं वळली. "पुन्हा द्या. दुसरीकडं सांडा."

दुसरीकडं कुठं? भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. तेव्हा रामसिंगनं सकाळपासूनचं पहिलं शहाणपण केलं. त्यानं कोपऱ्यातल्या कुंडीकडं बोट दाखवलं. हिरवंगार, रुंद पानांचं झाड होतं. कुंडी आली म्हणजे माती आली! सगळे तिकडं गेले. नवा मग आला, पुन्हा डोळे मिटले गेले, पुन्हा पूर्वजांना हाका गेल्या, आणि नाईकानं झाडाच्या बुडाशी धार धरली. मिराबाईनं हात जोडले. शेजारच्या टेबलावर बियाण्याचा एजंट बसला होता, तो अचानक दोन्ही पाय वर घेऊन ओरडला. कुंडीच्या भोकातून सगळी बीअर त्याच्या बुटात गेली होती.

मिराबाईनं झाडाचं पान धरून ओढलं. पान हातात आलं. प्लास्टिक. झाडच उपटून बघितलं तर खाली थर्माकोल आणि वर हिरवे रंगवलेले खडे.

"अरे मुन्ना, झाडबी खोटं?"

"त्याला पाणी घालावं लागत न्हाई, मावशी," मुन्ना कसनुसा म्हणाला.

एजंट बूट काढून पिळत होता. ते बघून मिराबाईला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. पोट धरून ती त्या खोट्या झाडावर रेलली. रामसिंग मात्र हसायला नव्हता. तो कधीच दाराबाहेर पळाला होता. बाहेर सिमेंट. त्यानं रस्ता ओलांडला, पलीकडच्या वावराच्या बांधावर बसला आणि डोक्याचं मुंडासं काढून त्यात काळीभोर माती भरून आणली. धापा टाकत त्यानं ती नाईकाच्या पायाशी ठेवली. आयुष्यात बायकोसाठी तो एवढा कधी पळाला नसेल.

भावसिंगनं मातीकडं बघितलं आणि मान हलवली. "ही कोणाच्या वावरातली?"

"रस्त्यापलीकडची."

"मग ती उचललेली साक्ष झाली, रामसिंग. उद्या कोणी म्हणलं, मुंडासं झटकलं अन् शब्द झटकला, तर? साक्ष जागची पायजे. माझ्या बापाचा शब्द हितंच पडला, माझा हितंच पडला. आता जागाच राहिली न्हाई, त्याला मी काय करू?" तो खरंच खिन्न झाला होता, मिराबाईला ते दिसत होतं. त्यानं पगडी सारखी केली. "हंगाम होऊ द्या. परत आल्यावर बघू."

बघू! मिराबाईचं हसू जागच्या जागी थिजलं. 'बघू' म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत होतं. सहा महिने ती भाची कुलदीपच्या नजरेसमोर, आणि रोज नाईकीणबाईंचं टुमणं. 'बघू' म्हणजे संपलं. तिकडं कासारणीपाशी पोरगी मोकळं कपाळ घेऊन बसली होती. तिच्यापुढं जाऊन काय सांगायचं? फरशी नवीन होती म्हणून सांगायचं? पण मिराबाईचा स्वभाव असा की रडू आलं की आधी राग यायचा.

"बसा नाईक!" ती कडाडली. नाईक इतका दचकला की पुन्हा सोफ्यात गेला.

मग ती तरातरा गल्ल्याकडं गेली आणि संतरामपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भिंतीवरचे सगळे ठिपकेही तिच्याबरोबर संतरामच्या अंगावर जाऊन थांबले.

"व्हय वो संतराम भाऊ! झाड तोडू दिलं, बाकडी मोडू दिली, अन् गप बसलात? दोन तांड्यांची माणसं तुमच्या दारात आयुष्यं बांधून गेली. ती काय तुमच्या नुसत्या देशी संत्रा दारूसाठी यायची? तुमच्या बायकोनं पिठाच्या हातानं माझ्या कपाळाला माती लावली. आज माझी पोरगी कपाळ मोकळं ठेवून बसली अन् तुमच्यापाशी चिमूटभर माती न्हाई! वर राम राम घातला तर उठायचीबी तकलीफ होते तुमाला!"

"मावशी, जाऊ द्या," मुन्ना म्हणाला.

संतराम तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या सुरकुत्यांत काहीतरी हललं. "तू... भजी खात खात रडणारी ती?"

"मीच ती."

"सुमन लई हसायची तुझ्यावर. म्हणायची, रडते बी अन् मिरची बी मागते." एकदा त्यानं मुन्नाकडं बघितलं, चोरी सापडल्यासारखं. मग त्यानं एक पाय उचलला, दुसरा उचलला, खुर्ची मागं सरकवली आणि गुडघ्यावर हात देत उभा राहिला. वाकून त्यानं पायाखालचं गोणपाट बाजूला केलं.

खाली माती होती. फरशी चारी बाजूंनी येऊन तिथं थांबली होती, आणि मधी सुपाएवढी उघडी जमीन, वर्षानुवर्षांच्या राखेनं काळी पडलेली.

"जुन्या दुकानामागं सुमनची चूल होती ती हितंच," संतराम म्हणाला. "मिस्त्री आला तवा मी खुर्ची टाकून बसलो. म्हणलं, मी उठत न्हाई, माझ्या पायाभोवतीनं बसव. त्याला वाटलं, म्हातारा खुळा झाला. उठलो असतो तर मुन्नाला दिसलं असतं, अन् त्यानं एका दिवसात फरशी टाकली असती. म्हणून उठत न्हाई पोरी. रागावू नको."

मिराबाईनं ओढणीनं डोळे पुसले.

भावसिंग नाईक सोफ्यातून या वेळेला कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर आला. तो तिथं गुडघ्यावर बसला. माती चिमटीत घेतली, चुरली, हुंगली. "राखेचा वास हाय," तो म्हणाला. "जागचीच हाय. बराबर हाय. आना!"

मुन्नानं नळ दाबला. भरलेला मग नाईकाच्या हातात आला. नाईक आता शहाणा झाला होता, त्यानं आधी फुंकर मारून फेस उडवला, तो थेट थावराच्या टायवर. तिसऱ्यांदा पूर्वजांना हाका गेल्या. सगळा बार उभा राहून बघत होता, एजंटसुद्धा, एका पायात बूट घालून.

धार पडली. किती महिन्यांची कोरडी ती जमीन, काय करते कोण जाणे, म्हणून मिराबाईनं श्वास रोखून धरला. मातीनं आवाज केला. चुर्रर्र! आणि धार पडता पडता गडप झाली. नाईकानं आणखी ओतली, तीही गेली. अख्खा मग गेला, वर चार बुडबुडे आले आणि फुटले.

"तहानली होती!" नाईक ओरडला आणि पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. "पक्कं, विहीणबाई! दिपा आमची!"

मग जो गोंधळ झाला, काही विचारू नका. थावरानं मालकाकडं न बघता टाय सोडली आणि डोक्याला बांधली. मिराबाईनं गुळाची पुडी फोडली आणि दिसेल त्याच्या तोंडात खडा कोंबला, एजंटाच्या तोंडात दोन कोंबले. तिच्या हातात कोणीतरी मग दिला. तिनं मोठा घोट घेतला आणि सगळे बुडबुडे नाकात गेले. तिला शिंक आली, उचकी आली आणि हसू आलं, तिन्ही एकदमच. "कडू हाय मेली!" ती म्हणाली आणि अजून एक घोट घेतला. रामसिंग भर बारमध्ये तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "आता काय?" यावर ती इतकी हसली की ठिपके नुसते छतभर उधळले.

मुन्ना मात्र त्या सुपाएवढ्या जमिनीकडं बघत उभा होता. "बाबा, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू फरशीचा नमुना दाखवला असता."

मुन्नानं खाली मान घातली. मग त्यानं गल्ल्यामागचं रिकामं खोकं उचललं, त्या जमिनीपुढं आडवं ठेवलं, कोणाचा पाय पडू नये म्हणून. "तिथं फरशी बसणार न्हाई," तो म्हणाला. "तुमी आता उठत बसत जा."

मिराबाईनं मगात उरलेली बीअर बघितली. ती वाकली आणि सगळी त्या मातीवर ओतली. "ही तुला, सुमनबाई. भजी तुझी खाल्ली होती, आज माझ्याकडनं पी." मग तिनं ओल्या मातीची चिमूट उचलली, मूठ घट्ट मिटली आणि दाराकडं निघाली. संतराम तिला पोचवायला सिमेंटच्या अंगणापर्यंत आला आणि कडुलिंब होता तिथं उभं राहून त्यानं हात जोडून राम राम केला.

बाजारात ही गर्दी. मिराबाई जरा तिरकी चालत होती, पण मूठ सरळ होती. कासारणीच्या पालापाशी दिपा बसली होती. तिच्यापुढं बांगड्यांचा ढीग होता आणि हातात एकही नव्हती. आई येताना दिसली. आईच्या वरच्या ओठावर पांढऱ्या फेसाची मिशी होती आणि डोळे लाल होते. दिपा ताडकन उभी राहिली. हे डोळे हसून लाल झालेत की रडून, तिला कळेना. विचारायचा धीरही होईना.

मिराबाईनं मूठ उघडली आणि लेकीच्या मोकळ्या कपाळावर अंगठ्यानं माती दाबून लावली.

दिपा तशीच उभी राहिली. मग तिनं नाक वर करून हुंगलं. "याडी, वास कसला येऊन राहिला?"

"नळाच्या बीअरचा. माझ्या टायमाला भज्यांचा होता."

दिपा हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मिराबाईच्याही आलं, आणि कासारीण दोघींकडं बघून उगाचच डोळे पुसायला लागली. मिराबाईनं ओढणीचं टोक पुढं केलं. दिपानं गाल पुसून घेतले, पण टोक कपाळाकडं जायला लागलं तसा तिनं आईचा हात धरला.

"पुसू नको. उद्या पहाटे त्यांचा ट्रक आपल्या फाट्यावरनंच जानार हाय," ती म्हणाली. "त्याला दिसू दे."